मधू धावला तो नवस नव्हता

‘अल्पशा आजाराने’ हे दोन शब्द माझे आहेत. मधू गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी इथल्या साप्ताहिकात निधनाची चौकट द्यायची होती. ह्यांना पेन धरवत नव्हतं, म्हणून मजकूर मी लिहिला. पाम येथील रहिवासी मधुकर, वय सदतीस, यांचे अल्पशा आजाराने निधन, मागे भाऊ, भावजय, विवाहित बहीण असा परिवार. शाळेच्या ऑफिसात वीस वर्षं टायपिंग केलेल्या बाईला असला मजकूर लिहायला दोन मिनिटं लागतात. छापून आल्यावर एकजण म्हणालेसुद्धा, थोडक्यात पण नेमकं लिहिलंत हो. नेमकं काय होतं त्यात? आजार अल्पसा नव्हता, अठरा वर्षांचा होता. त्याला नाव होतं. ते नाव मधूला माहीत होतं, चारचौघांत उच्चारायची त्याची तयारी होती, नव्हे, तेवढी एकच गोष्ट त्याला आयुष्यात करायची होती. आणि ते उच्चारलं जाऊ नये म्हणून आमच्या घरात सगळ्यांत जास्त कोण झटलं असेल, तर ती मी. आता दीड महिना झाला. भेटायला येणाऱ्यांची वर्दळ थांबली आहे. निदान आता तरी खरं लिहावं…

मी लग्न होऊन वाईहून बोईसरजवळच्या पाममध्ये आले तेव्हा मधू पंधरा वर्षांचा होता. ओठावर नुकती लव, पाय लांबच लांब. मी त्याला नावाने हाक मारली तशा सासूबाई पडवीतून म्हणाल्या, “दीर हाय तो तुजा. भावजी म्हनायचं. नाव नाय घ्यायचं.” तेव्हापासून तोंडाने भाऊजी आणि मनात मधू, असंच चाललं. इथे मधूच लिहिते, ओरडायला आता सासूबाई नाहीत. माहेरी आम्ही मासळीला शिवलेलो नव्हतो. इथे तर सातपाटीची कोळीण दाराशी पाटी उतरवायची आणि सासूबाई अख्खं सूप माझ्यापुढे सरकवायच्या. पहिला बोंबील हातातून निसटला आणि मी मागे सरले, तेव्हा मधू चुलीपाशी बसून हसत म्हणाला, “वहिनी, तो मेलाय. आता नाय चावत.” मग स्वतः विळी घेऊन डोकं कसं उडवायचं, पोट कसं साफ करायचं, ते त्याने मला दाखवलं. पुरुषाने विळीवर बसलेलं सासूबाईंना खपत नसे. त्या देवळात गेल्या की तो मला शिकवायचा. त्या घरात माझ्याशी पहिल्यांदा माणसासारखं कोण वागलं, असं कुणी विचारलं तर मी नवऱ्याचं नाव घेणार नाही.

आयटीआय करून तो तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मशीनवर लागला. दोन वर्षं नीट गेली. आणि मग एका दिवाळीच्या सुमाराला त्याची झोपच उडाली. आठ-दहा दिवस तो जागा होता आणि आनंदात होता. इतका आनंदी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. बोलणं थांबेना. गावाभोवती पळायचा रस्ता बांधायचा, सगळ्या गावाने सकाळी पळायचं, त्याचे नकाशे त्याने भिंतीवर कोळशाने काढले. नवी सायकल बोईसर स्टेशनबाहेर एका अनोळखी माणसाला देऊन टाकली. आम्ही हसलो. नंतर तो भिंतीकडे तोंड करून निजला तो तीन महिने. अंघोळ नाही, बोलणं नाही. सासूबाईंनी डोंगराकडच्या पाड्यावरचा भगत बोलावला. त्या म्हाताऱ्याने मधूचा हात हातात घेऊन बराच वेळ पाहिलं आणि कोंबडं न घेताच उठला. म्हणाला, “याला माज्याकडं औषद नाय. डाक्तरकडं न्या.” आमच्या सगळ्या गोतावळ्यात खरं बोलणारा तो एकटा. आम्ही गावात सांगितलं, कावीळ झाली आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ऊस पाठवला, मुळा पाठवला. तो ऊस मी गोठ्यात टाकत असे, आणि दारात भेटणाऱ्याला सांगत असे, रंग उतरतोय हळूहळू.

पालघरला एका प्रसूतिगृहाच्या मागच्या खोलीत मुंबईचे एक मानसोपचार डॉक्टर दर गुरुवारी येत. त्यांचं नाव इथे देत नाही, आमच्या घरात ते गुरुवारचे डॉक्टरच होते. त्यांनी मधूला लिथियमच्या गोळ्या सुरू केल्या. सहा महिन्यांत पोरगा माणसात आला. कंपनीने मशीनवर न घेता स्टोअरमध्ये बसवलं, पण घेतलं. डॉक्टरांनी एकदा घरच्यांपैकी कुणालातरी समजावून सांगायला बोलावलं होतं. मी गेले नाही. त्या खोलीत शिरताना कुणी पाहिलं तर? हे गेले, मान खाली घालून बसले आणि घरी येऊन एवढंच सांगितलं की गोळी कधी चुकवायची नाही. बाकी डॉक्टर काय बोलले ते ह्यांच्या कानात शिरलं नव्हतं. बाकीचं मला मधूकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. पाणी भरपूर प्यायचं, मीठ तोडायचं नाही, कडक उपास करायचे नाहीत. अंगातलं मीठपाणी कमी झालं की तेच औषध अंगात साठून विष होतं. हे त्याने मला कधीतरी भाकरी खाता खाता सांगितलं होतं आणि मी ‘बरं’ म्हणून तवा उतरवला होता.

पळणं त्याने त्याच काळात सुरू केलं. पहाटे उठून पामपासून चिंचणीच्या किनाऱ्यापर्यंत जायचं, ओल्या वाळूवरून पळायचं आणि परत यायचं. पायांत कॅनव्हासचे बूट, अंगात बनियन. लोक म्हणायचे, याच्या मागे कुत्रं लागलंय का. मधू म्हणायचा, “पळताना डोक्यातला आवाज पायांत उतरतो, वहिनी.” वीज प्रकल्पाच्या कॉलनीतले एक इंजिनियर त्याला किनाऱ्यावर भेटायचे. परदेशात लोक बेचाळीस किलोमीटर पळून इस्पितळांसाठी देणग्या जमवतात, हे त्यांनीच त्याला सांगितलं. झालं. गुरुवारच्या डॉक्टरांना आणि त्यांच्याबरोबरच्या तीन-चार मंडळींना स्वतःची खोली हवीच होती, कारण प्रसूतिगृहाच्या बायका कुरकुर करायला लागल्या होत्या की वेड्यांची सावली बाळंतिणींवर पडते.

एका रविवारी मधू वहीचा कागद घेऊन स्वयंपाकघरात आला.

“वहिनी, मी बेचाळीस किलोमीटर पळणार.”

“आता कोण लागलं मागे?”

तो हसला आणि कागद माझ्यासमोर धरला. अक्षर गिरवल्यासारखं, खाडाखोड नाही. मला तो मजकूर आजही पाठ आहे. ‘माझे नाव मधुकर. मला मनाचा आजार आहे. मी रोज औषध घेतो आणि रोज कामाला जातो. पालघरला दवाखान्यासाठी खोली हवी आहे, म्हणून मी चिंचणीहून निघून बोईसर, पालघर, सातपाटी आणि परत पालघर असा धावणार आहे. आपण यावे व मदत करावी.’ त्याला पाचशे पत्रकं हवी होती. आमच्या शाळेत परीक्षेचे पेपर सायक्लोस्टाइलवर निघायचे, त्याच्या मेणकागदावर, म्हणजे स्टेन्सिलवर, टाइपरायटरने अक्षरं कापायचं काम माझं. हेडमास्तरांची परवानगी काढलेली होती.

“हे असंच छापायचं?” मी विचारलं.

“असंच. डॉक्टर नुसतं मदतीचं लिहा म्हणत होते. मी म्हटलं, नाय. पैसे काय, उद्या दुसरं कोणी जमवेल. मला हे सांगायचंय. मी सांगितलं की बाकीचे पण सांगतील.”

तेव्हा आमच्या सुमनचं, म्हणजे नणंदेचं, केळव्याच्या एका घराशी जमत आलं होतं. मुलगी पसंत होती, बैठक पंधरा दिवसांवर होती. हे सगळं मधूला माहीत होतं. त्याने सुमनला विचारलंही होतं आणि ती ‘लिही रे’ म्हणाली होती. एकोणीस वर्षांची पोर, तिला काय कळतंय, असं मला वाटलं. शाळा सुटल्यावर मी ऑफिसात एकटी बसले. टाइपरायटरची फीत काढली, स्टेन्सिल चढवली आणि त्याचा मजकूर शब्द न शब्द कापला. मग बाटलीतल्या लाल द्रवात बारका ब्रश बुडवला, चुकलेलं अक्षर बुजवायला तो असतो, आणि ‘मला मनाचा आजार आहे’पासून ‘कामाला जातो’पर्यंत दोन्ही ओळींवरून फिरवला. फुंकर घालून वाळवला. मला कुणी सांगितलं नव्हतं हे करायला. ह्यांनी नाही, सासूबाईंनी नाही. उगाच दुसऱ्यांवर ढकलायचं नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. जागा भरायला दुसरं काहीतरी टाइप करावं, एवढं मात्र सुचलं नाही. पाचशेच्या पाचशे पत्रकांवर मधोमध दोन ओळींची पांढरी पट्टी राहिली.

मधूने गठ्ठा उघडला. वरच्या पत्रकावरून, त्या पांढऱ्या पट्टीवरून, अंगठा फिरवला. “वहिनी, इथे जागा राहिली.”

“स्टेन्सिल फाटली तिथे.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मी पातेल्याखालचा जाळ सारखा करत होते. “बरं,” तो म्हणाला, “पालघरला माइक असणार. तिथे तोंडाने सांगतो.”

आता, माणूस बेचाळीस किलोमीटर का पळतो हे कागदावर नसेल तर लोक काय करणार? लोकांनी आपापलं कारण बसवलं. आमच्या भागात माणूस एवढा त्रास अंगावर घेतो तो नवसापायीच. पत्रकात कुठल्याशा दवाखान्याच्या खोलीचा उल्लेख होता, पण त्यासाठी कुणी पाय झिजवतं का? शेजारणीने सासूबाईंना विचारलं, तुमचा धाकटा कशापायी पळणार म्हणे? सासूबाईंनी उत्तर दिलं, “नवस हाय.” कुणासाठी? “सुनेसाठी.” माझ्या लग्नाला तेव्हा आठ वर्षं झाली होती आणि कूस रिकामी होती, एवढं सगळ्या पंचक्रोशीला पुरेसं होतं. मला कळलं तेव्हा मी सासूबाईंवर संतापले, आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. त्या शांतपणे म्हणाल्या, “मंग काय सांगू? येड्यांसाठी पळतोय सांगू? तूच बोल, काय सांगू ते.” त्यांनी माझंच काम पुढे नेलं होतं. मी जागा रिकामी केली, त्यांनी भरली.

तो जानेवारीतला रविवार. चिंचणीला किनाऱ्यावरून मधू निघाला तेव्हा गारठा होता. कॉलनीतले इंजिनियर स्कूटरवर पुढे, मागे एका ओळखीच्याची जीप, जीपमध्ये हे, मी आणि मधूसाठी मीठ-साखरेच्या पाण्याच्या चार बाटल्या. गुरुवारच्या डॉक्टरांनी बजावलेलं होतं, दर तीन-चार मैलांवर हे पाणी त्याच्या पोटात गेलंच पाहिजे, त्याचं औषध साधं नाही. बोईसरपर्यंत उत्तम. नाक्यावर कारखान्यातली उत्तर भारतीय मुलं उभी होती, त्यांतल्या एकाने बरोबर धावत विचारलं, “किसके लिए मन्नत है, भाई?” मधूने मान हलवली, पुढे गेला. त्याला वाटलं त्या मुलाची काहीतरी गफलत झाली असेल. पालघर ओलांडून सातपाटीच्या रस्त्याला लागेपर्यंत त्याला पत्ता नव्हता की त्याच्या नावाने काय पसरलं आहे.

सातपाटीत बंदराच्या अलीकडे बायका वाट अडवून उभ्या होत्या. सुकत घातलेल्या मासळीच्या ओळींच्या मधल्या बोळातून, घराघरातून आलेल्या, हातात हळदकुंकू, तांब्याभर पाणी, नारळ. मधू थांबला. बायकांनी त्याच्या बुटांवरच पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं. त्याचा चेहरा मी जीपमधून बघत होते. त्याला कळलं. एका म्हातारीने, फार मायेने, त्याच्या तोंडावरून हात फिरवून म्हटलं, “वैनीसाटी पलतंस रं पोरा? देईल हां आई, देईल.” मी बाटली घेऊन उतरले तर दुसरीने विचारलं, काय हाय त्यात? मीठ-साखर, मी म्हटलं. तिने माझा हातच धरला. “नवसाचं मानूस हाय. मीठ नाय द्यायचं गो बाय, नवस मोडंल.” आणि फोडलेल्या शहाळ्याचं पाणी त्याच्यापुढे धरलं.

वाईट कुणीच नव्हतं तिथे. एवढंच म्हणायचं होतं की हा नवस नाही, हा माणूस औषधावर आहे, त्याला मीठ पोटात गेलं नाही तर अपाय होईल. एक वाक्य. माझ्या जिभेवर आलंही असेल… पण केळव्याच्या त्या घरची सोयरीक सातपाटीत होती, हे मला ठाऊक होतं. मी बाटली पदराखाली घेतली. मधूने शहाळं घेतलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढे निघाला. गावाबाहेर, बायका दिसेनाशा झाल्यावर, मी त्याला बाटली दिली. तोपर्यंत ऊन चढलं होतं आणि त्याच्या हाताला कंप सुटला होता. अर्धं पाणी हनुवटीवरून सांडलं. शेवटचे सहा-सात किलोमीटर तो पळाला असं म्हणता येणार नाही. पाय टाकत होता. एका ठिकाणी रस्त्याच्या कडेला बसला, ओकला, पुन्हा उठला. जीपमध्ये ये असं ह्यांनी दहादा सांगितलं. तो म्हणाला, “माइकपर्यंत जाऊ दे, दादा.”

पालघरला मैदानाच्या कोपऱ्यात मांडव होता. एवढी माणसं जमतील असं डॉक्टरांच्या मंडळींना वाटलंच नव्हतं. देणग्यांचे डबे भरले, भरणारच, देवाच्या नावाने आमची माणसं हात आखडत नाहीत. मैदान दिसायला लागल्यावर जीप पुढे आली, तशी मला बायकांनी धरून व्यासपीठावर नेलं, खुर्चीत बसवलं आणि माझी ओटी भरली. हिरवा खण, तांदूळ, हळकुंड, नारळ. मी पदर पसरून बसले होते. उठून जायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर उठायचं धाडसही नव्हतं. त्या बायकांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल कळवळा होता आणि तो कळवळा गिळताना मला मरण बरं वाटत होतं. तेवढ्यात मधू आला. टाळ्या झाल्या. कुणीतरी त्याच्या हातात माइक दिला. तो धापा टाकत उभा राहिला, समोर पाहिलं, मग वळून माझ्याकडे पाहिलं. पसरलेल्या पदराकडे पाहिलं.

“सगळ्यांचे आभार,” तो म्हणाला. आणि माइक परत दिला.

घरी येताना जीपमध्ये तो माझ्या शेजारी पाय पसरून पडला होता. डोळे मिटलेले. मला वाटलं झोपला. बोईसर जवळ आल्यावर डोळे न उघडता म्हणाला, “तुमच्या पदरात नारळ होता, वहिनी. तेव्हा कसं बोलू?” त्याचं उत्तर मी आजतागायत दिलेलं नाही.

सुमनचं लग्न झालं. चार वर्षांनी तिच्या सासरच्यांना मधूचं कळलं, सुमननेच सांगितलं. तिचे सासरे एवढंच म्हणाले, आमचे थोरले काका पण असेच होते, आम्ही त्यांना वाडीतल्या खोलीत ठेवायचो. म्हणजे तेही लपवत होते, आम्हीही लपवत होतो, आणि दोन्ही घरं एकमेकांच्या खोट्यावर विश्वास ठेवून लाडू वळत होती. हसावं की डोकं फोडून घ्यावं, मला कळलं नाही.

खोली मात्र झाली. पालघरला, स्टेशनपासून लांब, एका चाळीच्या टोकाला. मधू दर गुरुवारी कंपनीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिथे जाऊन बसायचा. नावं पुकारायचा, पाणी द्यायचा. डोंगराकडून चालत आलेल्या बायका, माकुणसारचे वाडीवाले, बंदरावरचे खलाशी, सगळे दारात घुटमळायचे. विचारलं तर म्हणायचे, शेजाऱ्यासाठी आलोय. मधू त्यांना बाकावर बसवून म्हणायचा, “मी बारा वर्षं गोळी घेतो. बसा.” हे मला पुढे दुसऱ्यांकडून कळलं. म्हणजे जे मी त्याला पाचशे कागदांवर सांगू दिलं नाही, ते तो एकेका माणसाला तोंडाने सांगत बसला होता, गुरुवारमागून गुरुवार. त्या खोलीत मी एकदाही पाऊल टाकलं नाही. पालघरला बाजाराला गेले तरी वळसा घालून जायची. तो मला कधी चल म्हणाला नाही. लग्न त्याने केलं नाही, स्थळ आलं की म्हणायचा, “आधी खरं सांगू द्या, मग बघू,” आणि घरातून कोणीच ‘सांग’ म्हणायचं नाही.

यंदा भाद्रपदात त्याला जुलाब-उलट्या लागल्या. गावात साथच होती. अंगात ताप, पाण्याचा घोट टिकेना. गोळी मात्र मी पहिले दोन्ही दिवस न चुकता दिली, ओकून पडली तर पुन्हा दिली. ‘गोळी कधी चुकवायची नाही’ हे अठरा वर्षांपूर्वीचं वाक्य मी धरून ठेवलं होतं. जुलाब झाले तर तीच गोळी आधी थांबवून धावत या, हे वाक्यही गुरुवारच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलेलं होतं. ते ऐकायला मी गेलेच नव्हते, मला ते मधू गेल्यावर कळलं. मधूला माहीत असणार, पण तिसऱ्या दिवशी त्याची जीभ जड झाली होती आणि हात थरथरत होते. आमचे नेहमीचे डॉक्टर घरी आले. बाहेरच्या खोलीत खाटेवर मधू, आणि भोवती निम्मी आळी. डॉक्टरांनी तपासलं, इंजेक्शन भरता भरता विचारलं, “आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत का?”

“काही नाही,” मी म्हटलं.

विचार करून नाही म्हटलं. सवयीने म्हटलं. कुणी चहा घेणार का विचारल्यावर माणूस नको म्हणतो तसं. मधूने माझ्याकडे मान वळवली. काहीतरी बोलायला गेला, शब्द फुटला नाही. की त्याने मुद्दाम सोडून दिलं, पुन्हा एकदा माझ्यासाठी? हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारते आणि रोज उत्तर टाळते. डॉक्टरांनी अंगदुखीचं आणि तापाचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळी तो ओळख देईना, तेव्हा मोठ्या इस्पितळात हलवलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी ह्यांना बाजूला घेऊन खोदून विचारलं, तेव्हा ह्यांच्या तोंडून लिथियम हा शब्द पहिल्यांदा बाहेर पडला. “हे आधी कळलं असतं तर…” एवढंच ती मुलगी म्हणाली आणि पळत आत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मधू गेला.

त्याच्या गोळ्यांचा डबा मी त्याला स्वयंपाकघरात ठेवायला लावला होता, फळीवर, मागच्या रांगेत, तिखटाच्या बरणीआड. पितळी, झाकणाचा. रोज रात्री जेवण झालं की तो आत यायचा, बरणी सरकवायचा, गोळी घ्यायचा, बरणी परत जागेवर ठेवायचा. बाहेर पाहुणे असले तर ‘वहिनी, बडीशेप बघतो’ म्हणून उठायचा. दहावा-तेरावा झाल्यावर मी फळी आवरली तर डबा अर्धा भरलेला होता. मी तो पुसला आणि बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा ठेवला. मनाशी म्हटलं, आता बास. आता जो विचारील त्याला सांगायचं.

चार दिवसांनी शेजारच्या कमलताई आल्या. बसल्या, चहा घेतला, मधूच्या आठवणी काढून डोळे पुसले. डब्याकडे त्यांचं लक्ष गेलं. झाकण उघडून बघत म्हणाल्या, “ह्या कसल्या गोळ्या गो?”

“माझ्या,” मी म्हटलं. “पित्ताच्या.”

त्या हो म्हणाल्या, त्यांनाही पित्ताचा त्रास आहे, सकाळी आवळ्याचा रस घेऊन बघ म्हणाल्या आणि गेल्या. मग उठून कागद काढला. तोंडाने जमत नाही म्हणून हे लिहिलं आहे. हे वर्तमानपत्राच्या पुरवणीला पाठवते आहे. कमलताई ती वाचतात, त्यांनाही आता कळेल. डबा मी तिथून हलवलेला नाही. दुपारी हे बाहेर गेले की मी त्याच्यासमोर उभी राहते आणि सराव करते. ह्या माझ्या दिराच्या गोळ्या, त्याला मनाचा आजार होता. एवढंच वाक्य आहे. घरात कुणी नसतं, दार लावलेलं असतं, तरी ‘मनाचा’ म्हणताना माझा आवाज खाली येतो.